सोलापुरात फटाके घेताना : आधी जागा, मग यादी

दिवाळी जवळ आली की सोलापुरात नव्याने राहायला आलेले लोक हमखास विचारतात, फटाके स्वस्त कुठे मिळतात? शिकायला आलेली पोरं, बदली होऊन आलेली कुटुंबं, पहिल्यांदाच लेकरांसाठी खरेदी करणारे आईबाप, सगळ्यांची सुरुवात इथूनच होते. माझं कळकळीचं सांगणं आहे की हा प्रश्न नंतर विचारा. आधी ठरवा, वाजवणार कुठे? फटाक्यांचे नियम तुम्ही उभे असता त्या जागेवर ठरतात. सात रस्त्याजवळच्या अपार्टमेंटची गच्ची, साखर पेठेतली गल्ली, कुंभारीकडचं मोकळं रान आणि विजापूर रोडने भीमा ओलांडल्यावरचं कर्नाटकातलं धुळखेड, या चार ठिकाणी एकच पिशवी घेऊन गेलात तर चार वेगळे अनुभव येतील. कुठे काही अडचण येणार नाही, कुठे शेजारी भांडेल, कुठे पोलीस येतील आणि कुठे आग लागेल.

जागा बघणं

घराच्या दारात उभं राहून आजूबाजूला बघा. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र धरला जातो. तिथे आवाजाचे फटाके दिवसाही चालत नाहीत. 100 मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण 130 पावलं. मोजून बघा, अंदाज हमखास चुकतो. सिव्हिल हॉस्पिटलचा परिसर सगळ्यांना माहीत असतो, पण आपल्याच गल्लीत पहिल्या मजल्यावर असलेलं प्रसूतिगृह लक्षात येत नाही. तिथे दोन दिवसांचं बाळ असतं आणि टाके घातलेली बाई असते. नियम त्यांच्यासाठी आहे.

दुसरी गोष्ट खास आपल्या शहराची. सोलापूर म्हणजे चादर आणि टॉवेल. पूर्व भागात घर आणि कारखाना एकाच भिंतीला टेकलेले असतात. खाली यंत्रमाग, वर राहणं, मागे सुताचं गोदाम. पत्र्याच्या फटीतून कापसाचे हलके पुंजके बाहेर आलेले असतात, गच्चीवर रंगवलेलं सूत वाळत असतं. सुताला लागलेली आग आधी नुसती धुमसते, वरून काही दिसत नाही, आणि दिसते तेव्हा गोदाम हातातून गेलेलं असतं. 18 मे 2025 रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून आठ माणसं गेली. त्या आगीचा फटाक्यांशी संबंध नव्हता. पण कापूस आणि सूत पेटल्यावर माणसाला बाहेर पडायला किती थोडा वेळ मिळतो, हे त्या दिवशी सगळ्या शहराने पाहिलं. अशा वस्तीत राहत असाल तर बाण, रॉकेट आणि आकाशात फुटणारे शॉट्स यादीतून सरळ काढून टाका. त्यांची ठिणगी कुठे पडेल हे पेटवणाऱ्याच्या हातात नसतं.

गावाकडे किंवा शहराच्या कडेला असाल तर कडब्याची गंजी, गोठ्याचं पाचटाचं छप्पर आणि तोडणीला आलेला ऊस बघा. दिवाळीत उसाचं खालचं पाचट वाळलेलं असतं. ठिणगी रात्री पडते आणि फड पहाटे पेटतो, असंही होतं.

जागा घरापाशी मिळत नसेल तर सोसायटीने किंवा गल्लीने मिळून एखादं मोकळं मैदान ठरवावं. सर्वोच्च न्यायालयानेही 2018 च्या निकालात सामूहिक फटाके वाजवण्याला प्रोत्साहन द्या असं म्हटलं होतं. याचा फायदा अगदी व्यवहारी आहे. पाण्याचं पिंप एक, राखणदार दोन, आणि प्रत्येक घराचा खर्च निम्मा. भाड्याने राहत असाल तर गच्ची वापरण्याआधी घरमालकाला विचारा. पाण्याच्या टाकीचं झाकण किंवा सोलरच्या नळ्या फुटल्या तर वाद तुमच्याच गळ्यात पडेल.

वेळ : इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाचे फटाके देशात कुठेही चालत नाहीत. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवून दिलं आणि ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतही ते आहे. त्यावर 23 ऑक्टोबर 2018 चा निकाल आला : दिवाळीला फक्त दोन तास, रात्री 8 ते 10. नाताळ आणि नववर्षाला अपवाद म्हणून रात्री 11:55 ते 12:30. हे सगळं दिल्लीपुरतंच आहे असा समज बरीच वर्षं होता. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की फटाक्यांबाबतचे त्यांचे निर्देश सगळ्या देशाला लागू आहेत.

आता आपली अडचण बघा. महाराष्ट्रात फटाक्याचा खरा मान नरक चतुर्दशीच्या पहाटेला. अभ्यंगस्नान करून पोरं पाच वाजताच अंगणात येतात. पहिला फटाका आमचाच, अशी पैज लागते. पाचला आवाजाचा फटाका वाजवला तर तो नियमाबाहेरच आहे, कितीही जुनी रीत असली तरी. दोन तासांची वेळ कोणती ठेवायची हे राज्य सरकार ठरवू शकतं, अशी मोकळीक 2018 मध्येच मिळाली होती. तमिळनाडूत पहाटेची दिवाळी असते, तिथे त्यानुसार सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास असे भाग केले गेले. म्हणून त्या वर्षीचा आपल्याकडचा आदेश वाचा. त्यात सकाळची वेळ दिली असेल तर सहानंतर खुशाल वाजवा. दिली नसेल तर पहाटे पोरांच्या हातात फुलबाजीसारखे बिनआवाजाचे प्रकार द्या आणि आवाजाचं रात्रीवर ठेवा.

आदेश कुणाचा बघायचा? सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे शहरहद्दीत फटाक्यांच्या तात्पुरत्या दुकानांचे परवाने आणि मनाईचे आदेश आयुक्तालयाकडून निघतात. हद्दीबाहेर परवान्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि बंदोबस्त ग्रामीण पोलिसांकडे. दिवाळीआधी हे आदेश स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतात. वाढत्या सोलापुरात घर शहरहद्दीत आणि समोरचा प्लॉट ग्रामीणमध्ये, असं सहज होतं. शंका असेल तर जवळच्या चौकीत जाऊन विचारा, सांगतात.

सीमेपलीकडे पाहुणे असतील तर आणखी एक काळजी घ्या. ऑक्टोबर 2023 मध्ये बंगळुरूजवळ अत्तिबेलेच्या फटाका गोदामाला आग लागून अनेक कामगार गेले. त्यानंतर कर्नाटक सरकारने लग्न, राजकीय कार्यक्रम आणि गणेश मिरवणुकीत फटाक्यांना मनाई जाहीर केली. आपल्याकडची वरात धुळखेडच्या पुढे जाणार असेल तर पेटी घरीच ठेवलेली बरी. दिल्लीत तर गोष्ट त्याहून वेगळी. तिथे वर्षभराची पूर्ण बंदी होती. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाने मोजक्या दिवसांपुरती फक्त हरित फटाक्यांना सवलत दिली. मुंबईतही 2023 च्या दिवाळीत उच्च न्यायालयाने रात्री 8 ते 10 एवढीच वेळ ठेवली होती. तात्पर्य, मावसभावाच्या शहरात काय चालतं ते फोनवर ऐकून सोलापुरात वागू नका, आणि उलटही नको.

संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. सोलापूरकरांच्या तीन-चार पिढ्या ते बघत वाढल्या. नवख्या माणसाला वाटतं, एवढं मोठं दारूकाम चालतं तर माझ्या दोन बाणांना कोण अडवणार? पण त्या दारूकामामागे देवस्थान, परवानगी, अग्निशमन दल आणि मैदानाचं अंतर असतं. सार्वजनिक आतषबाजीचा परवाना वेगळा असतो, घरगुती वापराशी त्याचा संबंध नाही. तुमच्या मंडळाला किंवा लग्नघराला तसं काही करायचं असेल तर अर्ज चांगला आधी द्या.

दुकान ओळखणं

जागा आणि वेळ ठरली की मग दुकान. दिवाळीत मैदानावर लागणाऱ्या तात्पुरत्या दुकानांसाठी स्फोटक नियम, 2008 मध्ये अगदी नेमकी मोजमापं दिली आहेत. दुकान न पेटणाऱ्या साहित्याचं हवं, म्हणजे पत्र्याचं, मंडपाच्या कापडाचं नाही. दोन दुकानांत किमान 3 मीटर अंतर हवं. तोंडं एकमेकांसमोर नकोत. एका ठिकाणी 50 पेक्षा जास्त दुकानं नकोत. आत तेलाचा दिवा, गॅसबत्ती, लोंबकळती वायर नको, आणि दुकानापासून 50 मीटरच्या आत कुणी फटाका वाजवून दाखवायचा नाही.

हे तुम्हाला टेप लावून मोजायचं नाही. मैदानात शिरताना एकदा नजर टाकली की कळतं. भिंतीवर परवाना लावलेला आहे का, वाळूच्या बादल्या खरंच वाळूने भरलेल्या आहेत का, दुकानदार देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लावून बसला आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर तिथून निघा. गल्लीच्या तोंडावर हातगाडीवर किंवा किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी मांडलेले फटाके दहा रुपयांनी स्वस्त मिळतील, तरी घेऊ नका.

ऑनलाइन विक्रीला 2018 पासून बंदी आहे. तरीही दिवाळीआधी व्हॉट्सॲपवर ‘थेट शिवकाशीहून’ अशा याद्या फिरतात. छापील किमतीवर अवाढव्य सूट, आगाऊ पैसे, आणि मग फोन बंद. पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

तेरखेड्याचं नाव तुमच्या कानावर येईलच. धुळे महामार्गावर धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव फटाक्यांसाठी महाराष्ट्रभर ओळखलं जातं, सोलापूरचे लोक गाडी काढून तिथे जातात. जा, पण दोन गोष्टी बघा. किरकोळ विक्रीचा परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, आणि कागदात बांधून दिलेला सुटा माल घेऊ नका. ज्या डब्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही तो माल कुठे, कुणी, कसा भरला हे कुणीच सांगू शकत नाही. आपल्याच बार्शी तालुक्यात पांगरीजवळच्या फटाका कारखान्यात 1 जानेवारी 2023 रोजी स्फोट झाला आणि पोटासाठी तिथे काम करणाऱ्या बायका गेल्या. निनावी माल स्वस्त असतो तो या बायकांच्या सुरक्षेवरचा खर्च वाचवून. मला हे आठवलं की सुट्या मालाकडे हात जात नाही, तुमचाही जाऊ नये असं वाटतं.

डबा हातात घेऊन वाचा

दुकानदाराला घाई असते, मागे गर्दी असते, तरी डबा उलटा करा. चार गोष्टी दिसायला हव्यात : कंपनीचं नाव-पत्ता, वापरायची सूचना, आत काय रसायन आहे ते, आणि आवाजाची पातळी. फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणारा फटाका 1999 च्या अधिसूचनेपासून बेकायदा आहे. सुतळी बॉम्बच्या निनावी पुडक्यावर हा आकडा सापडणार नाही.

मग हरित फटाक्याची खूण बघा. नागपूरच्या नीरी या संस्थेने ही पाककृती तयार केली. डब्यावर हिरवं बोधचिन्ह आणि क्यूआर कोड असतो, त्यासाठी नीरीचं मोबाइल ॲपही आहे. कोड स्कॅन केल्यावर नुसतं कंपनीचं संकेतस्थळ किंवा एखादा फोन नंबर उघडला तर संशय घ्या. स्वास, स्टार आणि सफल अशी तीन प्रकारांची नावं दिसतील. एवढं मात्र लक्षात ठेवा, हरित म्हणजे बिनधुराचा नव्हे. सूक्ष्म कण साधारण 30 टक्क्यांनी कमी होतात, बाकीचा धूर होतोच. सोलापूर हे केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या, हवा सुधारायची गरज असलेल्या शहरांपैकी एक आहे. घरात दम्याचं माणूस असेल तर हरित फटाक्यांची मोठी पिशवी आणून काही साधत नाही, पिशवीच लहान हवी.

बेरियमच्या क्षारांवर बंदी आहे. जुन्या फुलबाज्यांत आणि हिरव्या रंगाच्या फटाक्यांत ते सर्रास वापरत. म्हणून मागच्या कित्येक वर्षांचा पडून राहिलेला साठा कुणी निम्म्या भावात देत असेल तर नको म्हणा. परदेशी, म्हणजे चिनी लिपीतला डबा दिसला तर तोही नको, तो चोरवाटेने आलेला असतो. आणि माळ! हजारी, पाचहजारी माळ दुकानात टांगलेली दिसेल, सगळे घेतानाही दिसतील. अशा एकमेकांना जोडलेल्या फटाक्यांवर 2018 पासून बंदी आहे. धूर, आवाज आणि कचरा, तिन्ही बाबतीत माळेइतकं वाईट काही नाही.

किमतीबद्दल एकच सांगतो. डब्यावरची छापील किंमत बऱ्याचदा फुगवलेली असते, त्यामुळे ‘निम्म्या किमतीत’ ऐकून हुरळू नका. दोन दुकानांत तोच डबा विचारा आणि पक्कं बिल घ्या. माल खराब निघाला किंवा कुणाला इजा झाली तर बिलाशिवाय तुमच्या हातात काही नसतं.

पहिल्या वर्षी काय घ्यावं? भुईनळे, भुईचक्र, फुलबाज्या, लहान लेकरांना टिकल्या. तेवढ्यात मन भरतं. नागगोळी मात्र घेऊ नका. दिसते गरीब, पण तिचा काळा धूर लेकराच्या अगदी तोंडाशी जातो.

घरी नेणं आणि ठेवणं

रेल्वेने फटाके नेणं गुन्हा आहे. रेल्वे कायद्याच्या कलम 164 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पुण्याला इंद्रायणीने किंवा हैदराबादला हुसेनसागरने जाताना भाच्यांसाठी पिशवीत दोन डबे टाकावेसे वाटतात, टाकू नका. एसटीतही चालत नाहीत. मोटारसायकलवर पेट्रोलच्या टाकीवर पिशवी ठेवू नका. सोलापूरचं ऊन ऑक्टोबरातही कडक असतं, उन्हात लावलेल्या गाडीत पेटी तासन् तास राहू देऊ नका.

घरात गॅसपासून, देवघरापासून आणि पोरांच्या हातापासून लांब, कोरड्या जागी ठेवा. दमट झालेले फटाके तव्यावर किंवा चुलीजवळ गरम करायची सवय काही घरांत आहे. ती आजच मोडा. ओला झालेला फटाका गेला असं समजा.

पेटवताना

पाण्याच्या दोन बादल्या आधी भरून ठेवा, एक विझवायला आणि एक जळक्या फुलबाज्या टाकायला. फुलबाजीचं टोक हजार अंशांच्या घरात तापलेलं असतं आणि विझल्यावर तार काळी दिसते, म्हणून लेकरू अनवाणी तिच्यावर पाय देतं. तार विझली की थेट बादलीत, जमिनीवर नाही.

अंगात सुती कपडे घाला. सुताच्या गावात राहून नायलॉनची ओढणी घालून भुईनळ्यावर वाकू नका. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. पदर खोचलेला, केस बांधलेले, पायात चप्पल. लांब उदबत्तीने पेटवा, काडीने नको. तोंड बाजूला ठेवून हात लांब करा, वातीने धरलं की मागे सरका. एका वेळी एकच माणूस, एकच फटाका. डब्यात, नळीत किंवा माठाखाली ठेवून फोडणं म्हणजे घरी बॉम्ब करणंच आहे, त्याचे तुकडे डोळ्यांत जातात.

फुसका निघाला तर? जवळपास प्रत्येक गल्लीत अपघात इथेच होतो. वात धुमसते, मग विझल्यासारखी होते, पोरगं वाकून फुंकर मारतं. वीस मिनिटं कुणी जवळ जायचं नाही. मग लांबून पाणी ओता, बादलीत बुडवा. सकाळी गल्लीतली पोरं न फुटलेले लवंगी गोळा करतात, मोडून दारू कागदावर काढतात आणि तिला काडी लावतात. भडका क्षणात तोंडावर येतो, भुवया आणि पापण्या जातात, कधी डोळाही. त्यामुळे रात्रीच अंगण झाडा. सगळा कचरा पाण्यात भिजवून ठेवा आणि सकाळी घंटागाडीवाल्याला वेगळा सांगून द्या. तो कचरा पेटवून देऊ नका.

जनावरांचं भान ठेवा. गोठ्यातली गाय दावं तोडते, कुत्री पळून लांबच्या वस्तीत हरवतात. सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलावाच्या काठावर रात्री पक्षी विसावलेले असतात, तिथे आवाजाचे फटाके नकोतच. नान्नजकडे माळढोक अभयारण्य आहे, त्या बाजूच्या माळावर बाण उडवू नका. वाळलं गवत आणि पक्षी दोन्ही जातील.

भाजलंच तर

वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, शाई काहीच नको. अंगठी, बांगड्या सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. डोळ्याला लागलं असेल तर चोळू नका, दाबून बांधू नका, वरून स्वच्छ वाटीसारखं काही अलगद धरा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे किंवा सिव्हिलला न्या. रुग्णवाहिकेसाठी 108, आगीसाठी 101, पोलिसांसाठी 112.

शेजारी ऐकत नसेल तर

रात्री अकराला समोरच्या इमारतीत माळा लागत असतील तर आधी एकदा जाऊन शांतपणे बोला. घरात आजारी माणूस आहे असं सांगितलं की बहुतेक लोक थांबतात, सोलापूरची माणसं मनाने चांगली आहेत. नाही थांबले तर 112 ला फोन करा, ठिकाण आणि वेळ नेमकी सांगा. पोलिसांचा मनाई आदेश मोडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा आहे. फटाके निष्काळजीपणे हाताळून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर कलम 288 लागतं, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्या वर्षीच्या आदेशाचं कात्रण वसुबारसेलाच टाकून ठेवा. तेच कात्रण तुळशीच्या लग्नालाही पुन्हा बघा, कारण उरलेले डबे लोक त्या दिवशी काढतात आणि आदेशाची मुदत तोवर संपलेली असू शकते. तेव्हाही रात्री दहाची मर्यादा कायम असते.